गँगमनचं वकीलपत्र

मनमाडात बाबासाहेबांचा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा येवल्याकडे वळतं. साहजिक आहे. येवला शेजारचं, रस्त्यानं पंचवीस-तीस किलोमीटरवर. आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला तिथे झालेली धर्मांतराची घोषणा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला, खुद्द मनमाडात जी परिषद झाली तिचं नाव मात्र आपल्याच गावात चटकन कुणाच्या ओठावर येत नाही. नावही जरा अवघड होतं म्हणा. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद.

बॅरिस्टर आंबेडकरांची मंत्री म्हणून कारकीर्द कशी झाली हे सांगायचं तर सुरुवात इथून करावी, असं माझं मत आहे. एरवी ती १५ ऑगस्ट १९४७ पासून सांगितली जाते: स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री, मग मसुदा समिती, संविधान, हिंदू कोड बिल, राजीनामा. यातलं काही खोटं नाही. पण बाबासाहेब पहिल्यांदा मंत्रिपदाच्या खुर्चीत बसले ते त्याच्या पाच वर्षं आधी, आणि खातं होतं मजूर. ज्या माणसांसाठी ते खातं होतं, त्यांची कैफियत त्यांनी मनमाडला आधीच मांडून ठेवलेली होती.

परिषद इथेच का, हे आपल्याला समजावून सांगायला नको. मुंबईहून भुसावळकडे जाणारा जी.आय.पी.चा मुख्य मार्ग इथून जातो. १८७८ मध्ये दौंडचा फाटा इथे येऊन मिळाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाइन आली. रूळ रुंद इकडे आणि अरुंद तिकडे, म्हणजे गाडीतला माल इथे उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. ते काम माणसाच्या पाठीवर. १९०६ मध्ये पुलांचे गर्डर बनवणारं वर्कशॉप उभं राहिलं. मुंबईपासून सुमारे २६० किलोमीटरवरच्या या कोरड्या माळावर जे गाव वाढलं ते रेल्वेच्या पगारावर वाढलं. चारी दिशांच्या गँगमनांना एका ठिकाणी जमायचं, तर जंक्शनाइतकी सोयीची जागा कुठली?

गँगमन हा शब्द आता कागदावरून गेला, त्याच्या जागी ट्रॅकमेंटेनर आला. काम तेच. ठरलेल्या टापूतली लाइन पहारीनं आणि फावड्यानं नीट राखायची, स्लीपरखाली खडी ठोकायची, उन्हात रूळ ताणला की आणि पावसात भराव खचला की धावायचं. १९३८ मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर अस्पृश्य समाजातली माणसं करत. बाबासाहेबांनी परिषदेत बोट ठेवलं ते नेमकं यावर. काम कष्टाचं आहे ही त्यांची मुख्य तक्रार नव्हती. गँगमन म्हणून लागलेला माणूस गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, ही होती. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण स्टेशनमास्तरच्या घरची पडेल ती कामं पोर्टरला करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर सवर्ण असला की त्याला घरात हा माणूस चालत नाही. कारकुनी? रेल्वेत कारकून भरायला त्या काळी परीक्षेचा काटेकोर नियम नव्हता. इतर समाजांतली मॅट्रिक न झालेली मुलं घेतली जात, अस्पृश्यांतल्या शिकलेल्यांना मात्र दार बंद. वर्कशॉपमध्ये मेकॅनिकच्या जागेवर त्यांचा माणूस क्वचित, फोरमनच्या जागेवर नाहीच. तिथेही तो हमालच.

हे सांगायची तऱ्हा पाहा. एकेक हुद्दा घ्यायचा, तिथे माणूस का पोचत नाही त्याचं कारण दाखवायचं, मग पुढच्या हुद्द्याकडे वळायचं. सभेपुढे उभा असला तरी बोलणारा वकील होता. सूतगिरण्यांचा दाखलाही त्यांनी याच जातीचा दिला. विणकाम खात्यात पगार बरा, पण धोटा भरताना धागा तोंडानं ओढावा लागतो. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा दुसरा कामगार धरणार नाही, म्हणून ते अख्खं खातंच त्याला बंद.

यातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो पुढे गाजला. या देशातल्या कामगाराला दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. कामगार पुढारी दुसऱ्याबद्दल तासन्‌तास बोलतात, पहिल्याचं नाव घेत नाहीत. शब्दावर वाद होणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून तिथल्या तिथे व्याख्या करून टाकली: एका जातीची सत्ता हा आपला अर्थ नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुभाव यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, ती सगळ्या जातींत पसरलेली आहे. अस्पृश्य कामगारांनी वेगळी परिषद भरवली की कामगारांत फूट पडते, या आक्षेपालाही त्यांचं उत्तर तयार होतं. फूट आधीपासून आहे. ती पाडणारा कोण, दाखवणारा कोण, एवढं बघा.

आजवर आपल्या परिषदा सामाजिक गाऱ्हाण्यांसाठी भरल्या, ही कामगार म्हणून भरलेली पहिली, असंही त्यांनी सांगितलं. मला त्या भाषणातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढचं मजूर खातं यातून निघतं.

मनमाडच्या मंचावर उभा असलेला हा वकील कोर्टात कसा होता?

लंडनच्या ग्रेज इनमधून ते १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, १९२३ मध्ये मुंबईला परतले. हायकोर्टाची सनद काढायलाही हाताशी पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं ती अडचण भागवली. त्या काळात मोठे खटले बॅरिस्टरकडे यायचे ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ द्यायला सॉलिसिटर मागेपुढे पाहत. म्हणून अपिलाची कामं, जिल्ह्याच्या गावची कामं, गरिबांची कामं. पोटासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या हिशेबनिसांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचा. परळच्या दामोदर हॉलमधल्या कार्यालयात अशील येत त्यांतल्या पुष्कळांकडे द्यायला फी नसे.

तरी दोन खटले सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाचा खटला गाजला. दिनकरराव जवळकरांनी लिहिलेल्या त्या पुस्तकात टिळक-चिपळूणकरांवर जहरी टीका होती. जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे आणि त्यांचे सहकारी यांना शिक्षा झाल्या. अपिलात आंबेडकर उभे राहिले आणि आरोपी सुटले. दुसरा १९३४ चा, ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांचा. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मासिकातून उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा आरोप. हे वकीलपत्र त्या काळी कुणीही सुखासुखी घेतलं नसतं. बाबासाहेबांनी घेतलं आणि हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. हरलेला खटला मुद्दाम सांगितला, कारण वकिलाची परीक्षा निकालावर करायची खोड आपल्याला आहे आणि ती बरी नव्हे.

आणि एक खटला असा, ज्यात ते स्वतःच प्रतिवादी. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी मार्च १९२७ मध्ये अस्पृश्यांनी प्यायलं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तळं खासगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न जाण्याची परंपरा पुरातन आहे म्हणून. हा दावा खालच्या कोर्टातून वर चढत हायकोर्टात पोचला आणि १७ मार्च १९३७ ला निकाल लागला, बाबासाहेबांच्या बाजूनं. तळ्याच्या पाण्यावर कायद्याचं शिक्कामोर्तब व्हायला नऊ वर्षांहून अधिक काळ गेला. मनमाडची परिषद या निकालानंतर अकराच महिन्यांनी झाली. एकेका तळ्यासाठी नऊ वर्षं लढायचं, तर रेल्वेच्या एकेका हुद्द्यासाठी किती पिढ्या लागतील, हा हिशेब त्या माणसानं केला नसेल असं मला वाटत नाही. कामगारांनी नुसती युनियन काढून भागणार नाही, राजकीय सत्तेत शिरलं पाहिजे, असं ते मनमाडला वारंवार का सांगत होते ते या निकालाकडे पाहिलं की उमगतं. स्वतंत्र मजूर पक्ष त्यांनी १९३६ मध्येच काढला होता, आणि १९३७ च्या निवडणुकीनंतर त्या पक्षाचे आमदार मुंबईच्या विधानसभेत बसले होते.

वकील मंत्री झाले याचं नवल नाही. जगभर मंत्रिमंडळं वकिलांनी भरलेली असतात. आपल्या अशिलाला बरोबर घेऊन मंत्रालयात जाणारा वकील मात्र विरळा. फ्रान्समधले रोबेर बादांतेर हे त्याचं ठळक उदाहरण. १९७२ मध्ये त्यांचा अशील रोजे बोंतां याला गिलोटिनखाली दिलं गेलं. त्यानं स्वतः खून केलेला नाही असं ज्यूरीनंच ठरवलेलं असताना! तो खटला बादांतेर विसरले नाहीत. फाशीविरुद्ध ते कोर्टात लढत राहिले, १९८१ मध्ये न्यायमंत्री झाले, आणि त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला फ्रान्समधली मृत्युदंडाची शिक्षा कायद्यानं संपली. कोर्टात हरलेला दावा त्यांनी संसदेत जिंकला. (फाशीचा विषय निघालाच आहे तर: ३ जून १९४९ ला संविधान सभेत आंबेडकरांनीही, माझा कल मृत्युदंडच रद्द करण्याकडे आहे, असं सांगितलं होतं. फ्रान्सच्या बत्तीस वर्षं आधी.)

बादांतेर यांच्यामागे लोकांनी निवडून दिलेलं सरकार होतं. बाबासाहेबांना १९४२ मध्ये जे सरकार मिळालं ते परक्यांचं.

जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या कार्यकारी मंडळात त्यांची नेमणूक झाली. कागदोपत्री हुद्दा ‘मजूर सदस्य’, पण लोक त्यांना मजूरमंत्री म्हणू लागले आणि कामाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. त्यांच्या आधी हे खातं फिरोजखान नून यांच्याकडे होतं. महायुद्ध ऐन भरात. ७ ऑगस्टला दिल्लीत नव्या मंत्र्यांनी सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींची परिषद भरवली. दुसऱ्याच दिवशी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला. पुढारी तुरुंगात आणि आंबेडकर सरकारात, ही तारखांची जुळणी त्यांच्या विरोधकांनी पुढे जन्मभर वापरली. तो वाद मी इथे उकरत नाही. त्या चार वर्षांत खात्यात काय घडलं, एवढंच पाहू.

आधी एक गैरसमज दूर करू या. दर वर्षी १४ एप्रिलला मोबाइलवर एक मजकूर फिरतो: बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठवर आणले. हेतू चांगला, आकडे चुकीचे. कारखान्यांतला चौदा तासांचा दिवस कायद्यानं केव्हाच गेला होता. १९२२ च्या कायद्यानं आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली, १९३४ च्या कायद्यानं ती बारमाही कारखान्यांसाठी ५४ वर आणली. बाबासाहेबांच्या मजूर खात्यानं १९४६ मध्ये फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती आणली आणि ५४ चे ४८ झाले. आठवड्याचे सहा तास. सहा दिवसांत वाटा, रोजचा एक तास. आठ तासांचा जो दिवस आपण गृहीत धरतो, तो या ४८ मधून येतो. खरी गोष्ट एवढी भक्कम असताना ती फुगवून सांगायची गरज काय, हे मला कधी कळलेलं नाही. त्याच सुमाराची दुसरी दुरुस्ती पगारी रजेची: वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला सलग १० दिवस. आज दहा दिवस म्हणजे काहीच नाही. पण घरी बसूनही पगार मिळू शकतो, ही कल्पनाच गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसाला तोवर नवी होती.

आजारी कामगाराचं काय, या प्रश्नासाठी खात्यानं बी. पी. अडारकर यांना १९४३ मध्ये कामाला लावलं. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा त्यातून उभा राहिला. ज्यांच्या पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची कपात दिसते त्यांनी हे मराठी नाव लक्षात ठेवावं. किमान वेतनाचं विधेयक बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं. कायदा झाला १९४८ मध्ये, ते खातं सोडून गेल्यावर. सगळीकडे असंच दिसतं. बी त्यांनी पेरलेलं, कापणीवर दुसऱ्याचं नाव.

एक बी तर उगवलंच नाही. मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, असं विधेयक त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये मांडलं. मालकांचा विरोध, समित्या, चर्चा. १९४७ मध्ये त्याला कायद्याचं रूप मिळालं, पण ती दुरुस्ती कधी अमलातच आली नाही. युनियनच्या मान्यतेसाठी महाराष्ट्राला पुढे १९७१ मध्ये स्वतःचा वेगळा कायदा करावा लागला.

मनमाडच्या कैफियतीशी थेट भिडणारा निर्णय १९४३ चा. केंद्रीय सेवांमधल्या थेट भरतीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवायचा हुकूम त्या वर्षी निघाला. १९४६ मध्ये तो आकडा १२.५ टक्क्यांवर गेला. स्टेशनमास्तरच्या मनात काय आहे यावर पोर्टरची नेमणूक अवलंबून ठेवायची नाही, आकडा ठरवून टाकायचा: मनमाडला जी तक्रार हुद्द्यागणिक मांडली, तिला सरकारी भाषेत दिलेलं हे उत्तर होतं. तक्रार पूर्ण मिटली नाही. गँगमनचा फोरमन लगेच झाला नाही. तरी ‘आमच्यातला एकही का नाही’ असं विचारायला आता हातात कागद आला.

इथवर लिहिलेलं वाचून हे सगळं सरळ रेषेत घडलं असं वाटेल. तसं नव्हतं. मंत्रिपदाची खुर्ची काही वेळा वकिलाला त्याच्याच जुन्या युक्तिवादासमोर उभं करते.

सप्टेंबर १९३८ मध्ये, मनमाडनंतर सात महिन्यांनी, मुंबईच्या विधानसभेत खेर मंत्रिमंडळाचं औद्योगिक कलह विधेयक आलं. संपावर बंधनं घालणारं. बाबासाहेबांनी ते फाडून काढलं. काम थांबवणं हा फार तर करारभंग, गुन्हा नव्हे. तो गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेणं, आणि त्याला गुलामगिरी म्हणतात, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी मुंबईत एक दिवसाचा संपही घडवला. चारच वर्षांनी ते ज्या खात्याचे मंत्री झाले, त्या खात्याच्या हाती भारत संरक्षण नियमांतला ८१-अ हा नियम होता. युद्धकाळात संपाला मनाई करण्याचा आणि तंटा लवादाकडे पाठवण्याचा अधिकार सरकारला देणारा. तो नियम त्यांनी आणला नव्हता, त्यांच्या आधीपासून होता. पण त्यांच्या कारकिर्दीत तो चालू राहिला. फॅसिझमचा पराभव कामगाराच्याच हिताचा, ही त्यांची त्यावेळची भूमिका होती आणि ती त्यांना मनापासून पटलेली होती यात शंका नाही. तरीही १९३८ चं भाषण आणि ८१-अ शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. व्हावंच.

दुसरी गोष्ट याहून बोचरी. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी ठाम पाठिंबा दिला होता. आईला बाळंतपणाच्या आगेमागे विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे आणि खर्चाचा भार सरकारनंही उचलावा, असं सांगून. आणि १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडू लागल्यावर, खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करण्यावरची बंदी सरकारनं उठवली. मजूर खातं त्यांचंच. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावरून त्यांना धारेवर धरलं गेलं. त्यांनी बचाव केला: कोळसा नाही तर रेल्वे नाही, कारखाने नाहीत, हा उपाय तात्पुरता आहे, आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाते आहे, समान कामाला समान दाम हे तत्त्व इथल्या उद्योगात प्रथमच लागू होतंय. शेवटचा मुद्दा खरोखर महत्त्वाचा होता. पण एखादा वकील पडत्या बाजूला सापडलेला चांगला मुद्दा जसा घट्ट धरून ठेवतो, तसं मला ते वाचताना वाटतं. बंदी पुन्हा लागू झाली १ फेब्रुवारी १९४६ ला.

त्यांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की हा माणूस दिल्लीत बसून बोलत नव्हता. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणपट्ट्यात गेले, पाळण्यात बसून खाणीत उतरले, मजुरांच्या खोपट्या पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला: खाणीतून निघणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून मजुरांची घरं, पाणी, दवाखाने करायचे.

या खात्यात आणखी काय काय होतं हे ऐकून आजचा वाचक चकित होईल. पाटबंधारे, वीज, खाणी, सरकारी बांधकामं. मजूर या नावाखाली जवळपास निम्मा विकास. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला महापूर आला. पूर थोपवायला नुसते बांध घालत बसण्याऐवजी अख्ख्या खोऱ्याचा एकत्र विचार करायचा, एकाच योजनेतून पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक साधायची, हा अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना त्यांच्या खात्यानं उचलला. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला, नोव्हेंबरात कटकला त्यांनी बैठका घेतल्या. पुढे दामोदर खोरे महामंडळ आणि महानदीवरचं हिराकूड उभं राहिलं. मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ चाच. पाण्याची टंचाई ही दैवी आपत्ती मानायची नाही, नियोजनाचा प्रश्न मानायचा, असं या बैठकांतल्या त्यांच्या मांडणीचं सूत्र. ज्या गावात नळाला पाणी कोणत्या तारखेला आलं होतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवतात, त्या गावानं हे जरा जास्त लक्ष देऊन वाचायला हरकत नाही.

१९४६ मध्ये व्हाइसरॉयचं ते मंडळ गेलं, हंगामी सरकार आलं आणि मजूर खातं जगजीवनराम यांच्याकडे गेलं. १९४७ मध्ये बाबासाहेब पुन्हा मंत्री झाले. त्यांना दिलं गेलं कायदा खातं. सगळ्यांनाच ते योग्य वाटलं: देशातला एवढा मोठा कायदेपंडित, त्याला कायदा खातं नाही द्यायचं तर कुठलं? त्यांना स्वतःला मात्र तसं वाटत नव्हतं. ऑक्टोबर १९५१ मध्ये राजीनाम्यानंतर जे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केलं, त्यात याबद्दलचा सल लपलेला नाही. जुन्या सरकारात कायदा खात्याला आम्ही साबणाची रिकामी पेटी म्हणायचो, म्हाताऱ्या वकिलांना खेळायला दिलेली, असं त्यांनी त्यात सांगितलं आहे. व्हाइसरॉयच्या मंडळात असताना मजूर आणि बांधकाम खात्यांत आपण पुष्कळ नियोजन केलं. म्हणून स्वतंत्र भारतात नियोजनाचं किंवा एखादं प्रशासकीय खातं मिळावं अशी अपेक्षा होती, आश्वासनही होतं, ते पाळलं गेलं नाही, ही त्यांची तक्रार.

रिकाम्या पेटीतूनही त्यांनी काय काढलं ते जगाला माहीत आहे. २९ ऑगस्ट १९४७ ला मसुदा समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं; संविधानाच्या प्रास्ताविकेत न्यायाबरोबर स्वातंत्र्य, समता, बंधुता बसले. मनमाडला ज्यांच्या नकाराला त्यांनी शत्रू म्हटलं होतं तेच तीन शब्द. फ्रेंच राज्यक्रांतीनं जगभर नेलेले, पण हे मी फ्रेंचांकडून घेतले नाहीत, बुद्धाकडून घेतले, असं त्यांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात बजावलं. हिंदू कोड बिलाचा कडेलोट झाला आणि २७ सप्टेंबर १९५१ ला त्यांनी राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत ते नारायण काजरोळकरांकडून हरले. राज्यसभेत गेले. मंत्रिपद पुन्हा मिळालं नाही.

वकिलानं मंत्री व्हावं तर कोणत्या खात्याचं, असा प्रश्न मला कुणी विचारला तर माझं उत्तर बाबासाहेबांच्या निवेदनातच आहे. कायदा जाणणाऱ्याला कायदा खात्यात बसवणं म्हणजे सुताराला लाकडाच्या वखारीचा पहारेकरी करणं. त्याला पाटबंधारे द्या, मजूर द्या, जिथे कायदा वापरून काहीतरी उभं करायचं असतं ते खातं द्या. १९४२ ते १९४६ या चार वर्षांत, परक्या सरकारात, युद्धाच्या धामधुमीत आणि टीकेच्या भडिमारात जे झालं ते पाहता, १९४७ नंतर नियोजन त्यांच्या हाती न देणं ही त्या मंत्रिमंडळाची मोठी चूक होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांचे जे खंड काढले त्यातला दहावा खंड पूर्णपणे या चार वर्षांचा आहे: कायदेमंडळातले प्रश्न, त्यांची उत्तरं, विधेयकांवरची भाषणं. तो इंग्रजीत आहे, रुक्ष आहे, आणि गाजलेल्या खंडांइतका कुणी चाळत नाही. मनमाडचं भाषण सतराव्या खंडात मिळतं. गावातल्या वाचनालयांना माझी विनंती आहे की हे दोन्ही खंड एका फडताळात शेजारी ठेवावेत, आणि इंग्रजी वाचता येणाऱ्या एखाद्या पोरानं येत्या १२ फेब्रुवारीला स्टेशनाबाहेर उभं राहून त्यातली चार पानं मराठीत सांगावीत. ऐकायला ट्रॅकमेंटेनर येतील. ड्यूटीची वेळ तेवढी बघून ठेवा.